देवाजींची शुगर

देवाजी कापगते यांना शुगर झाली ती मेहुण्याच्या लग्नाच्या पंगतीत, आणि ती कोणा डॉक्टरने शोधून काढली नाही, त्यांची त्यांनीच काढली. भिलाईत मधुमेह कोणालाच होत नाही, शुगरच होते. त्या दिवशी सासरकडचे चार तगडे लोक बुंदीच्या लाडवांचं घमेलं घेऊन त्यांच्या पत्रावळीसमोर उभे होते आणि जावयानं पाच लाडू खाल्ल्याशिवाय उठायचं नाही म्हणून हटून बसले होते. देवाजींनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "मले नाही चालत जी," त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शुगर निघाली."

घमेलं जागच्या जागी थांबलं. चारही चेहरे पडले. एकानं तर खांद्यावर हात ठेवून "सांभाळा जी" म्हटलं. देवाजी थक्क झाले. छत्तीस वर्षांच्या आयुष्यात या कटकटीतून त्यांना इतक्या स्वस्तात कोणी सोडवलं नव्हतं.

कटकट जन्मापासूनची होती. साखर, गूळ, केळं, आंबा, काहीही गोड पोटात गेलं की अर्ध्या तासात मळमळ, घाम, हातापायांना कापरं, आणि मग उलट्या. साकोलीकडच्या त्यांच्या गावात याला एकच नाव होतं, नखरे. गोड कोणाला आवडत नाही? आईनं समजावलं, बापानं कानाखाली वाजवली, आणि देवाजी हळूहळू हुशार झाले. प्रसाद मुठीत घेऊन वासराला घालायचे, पंगतीत शेजारच्याच्या पानात सरकवायचे. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोळशाच्या भट्ट्यांवर, कोक ओव्हनला, लागले तेव्हा दिवाळीचा मिठाईचा डबा तसाच्या तसा घरी आणायचे आणि लोक म्हणायचे, काय कुटुंबवत्सल माणूस आहे. खरं सांगायची सोय नव्हती, कारण खऱ्याला नाव नव्हतं. शुगरला होतं. शुगर म्हटली की लोक मान देतात.

आता ही थाप घरी गेल्यावर शकुबाईला सांगून टाकायची, दोघांनी हसायचं, असा त्यांचा बेत होता. पण बायकांच्या पंगतीत बातमी त्यांच्या आधी पोचली. शकुबाई रडून रडून लाल झाली होती. परतीच्या गाडीत दुर्ग येईपर्यंत ती बोलली नाही, आणि उतरताना म्हणाली, "तुमी नाही खात तं आजपासून मी बी नाही खात." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांच्या हातात कारल्याच्या रसाचा पेला ठेवला. त्या पेल्याकडे बघून देवाजींनी सांगायचं उद्यावर टाकलं.

त्या उद्याला बत्तीस वर्षं झाली. बत्तीस वर्षं हा माणूस रोज सकाळी नाक दाबून, नसलेल्या आजारावर कारल्याचा रस पीत होता. प्लांटच्या वार्षिक तपासणीचे कागद तो घरात येऊच द्यायचा नाही. कोणी गोळ्यांचं विचारलं तर शकुबाईच अभिमानानं सांगायची, "गोळी नाही लागत, माझ्या कारल्यावर कंट्रोल हाय." रिटायर होऊन कुरुदला घर बांधलं, पोरगा प्रवीण रोलिंग मिलला लागला, गुंजन सून म्हणून आली, तरी पेला चालूच. थाप एवढी जुनी झाली की देवाजींना स्वतःलाच कधी कधी ती खरी वाटायची.

मग पीयूष झाला. सहा महिने आईच्या दुधावर पोरगं असं फुगलं की शेजारची सत्यभामा त्याला येता-जाता गालाला धरायची. सातव्या महिन्यात उष्टावण केलं. आजीनं चांदीच्या वाटीतली खीर बोटानं चाटवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तासाभरात पोरानं सगळं बाहेर काढलं. पहिल्यांदाच खाल्लं म्हणून असेल, असं सगळे म्हणाले. पुढच्या दिवसांत शिरा झाला, दुधात बिस्किट झालं, कुस्करलेलं केळं झालं. पोर वाळत गेलं. घामानं भिजायचं, ग्लानीत पडायचं, डोळे पिवळे, पोट टम्म. पावर हाउस भागातल्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि डॉक्टर घाईघाईत म्हणाले, "बच्चे का शुगर बहुत लो हो रहा है, ध्यान रखिए."

आता शुगर कमी झाली म्हणजे काय करायचं, हे शकुबाईला कोणी शिकवायला नको होतं. शुगर कमी, तर साखर द्या. तिनं खडीसाखर उकळून पाणी केलं, बाटलीत भरलं आणि घड्याळ लावून दर दोन तासांनी चमच्यानं पाजू लागली. तेवढ्यानं भागेना म्हणून ताकदीचं गोड सिरपही आलं.

पोर चमचा पाहिलं की ओठ घट्ट मिटायचं, मान फिरवायचं, जिभेनं लोटून द्यायचं. देवाजी खाटेवर बसून हे बघत होते. ती मान फिरवण्याची पद्धत त्यांच्या ओळखीची होती. "नसन पीत तं नको देऊ," ते एकदा म्हणाले.

"तुमाले काय मालूम लेकराचं?" शकुबाई म्हणाली. "रिपोर्टमधी लिवलं हाय, शुगर कमी. तुमची जास्त हाय, त्याची कमी. दोघंबी माझ्याच नशिबी आले."

देवाजी गप्प बसले. गोडानं आपल्याला होतं ते या पोरालाही होत असेल का, असा विचार त्यांच्या मनात नक्की आला होता. पण तो बोलायचा तर आधी शुगरचं बोलावं लागलं असतं. शिवाय आपण काय डॉक्टर आहोत, रिपोर्ट बघणारे मूर्ख आहेत का, अशी समजूत त्यांनी स्वतःची काढली. माणसाला गप्प बसायचं असलं की कारणं पुष्कळ सापडतात.

पीयूषला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. तिथं सलाइनवर दोन दिवसांत पोर टवटवीत झालं. घरी आणलं, बाटली पुन्हा सुरू झाली, आणि चार दिवसांत पहिल्यापेक्षा वाईट. या वेळी रक्तासाठी सुई टोचली तर रक्त थांबेना. प्रवीण कॉरिडॉरमध्ये भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. सत्यभामा म्हणाली, घरी आलं की बिघडते म्हणजे घराचीच दृष्ट आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र त्यांना वरच्या मजल्यावर डॉक्टर उत्कर्षा देशकरांकडे पाठवलं. सहसा कोणाला होत नाहीत असे आजार आणि त्यांतून होणारी गुंतागुंत यांवर त्या बाईंचं संशोधन चालू होतं.

डॉक्टर उत्कर्षा पस्तिशीच्या होत्या, प्लांटमधल्या अधिकाऱ्याची मुलगी, नागपूरकडच्या. मराठी ऐकल्यावर शकुबाईला हायसं वाटलं. पण बाईंनी हातचं राखून काही सांगितलं नाही. "लिव्हर सुजलंय. का सुजलंय ते अजून सापडत नाही. असंच चालू राहिलं तर दोन-तीन आठवड्यांनी माझ्या हातात फार काही उरणार नाही. म्हणून मी आता खूप प्रश्न विचारणार आहे, आणि मला सगळी खरी उत्तरं पाहिजेत."

त्यांनी टेबलावर मोठा कागद पसरला आणि सगळ्या खानदानाचं झाड काढायला घेतलं. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, गेलेल्यावर तिरपी रेघ. गुंजनच्या माहेरची बाजू झाली. तिची आजी साकोलीकडचीच निघाली, देवाजींच्या आईच्या गावची, लांबच्या नात्यातली. डॉक्टरांनी तिथं पेन्सिलनं खूण केली. मग कापगत्यांची बाजू आली. विचारलं देवाजींना जायचं, उत्तर शकुबाई द्यायची.

"भाऊ-बहीण?"

"एक भाऊ होता, सात महिन्यांचा असतानी गेला. दृष्ट लागली होती, असं सासूबाई सांगत."

"आणि काकांना स्वतःला काही?"

"यांले शुगर हाय. बत्तीस वर्षांपासून."

डॉक्टरांनी चौकोनात लिहिलं. देवाजी त्या चौकोनाकडे बघत राहिले. मग बाईंनी एक छापील यादी पुढं ओढली आणि एकेक विचारत गेल्या. झटके? नाही. कावीळ? नाही. "लहानपणापासून एखादा पदार्थ सोसत नाही, खाल्ला की उलटी होते, असं कोणी?"

"नाही बा," शकुबाई म्हणाली. "आमच्या घरी सारे सारं खातेत. यांचं फक्त गोड बंद हाय, ते शुगरमुळं. त्याच्या आधी खात होते."

डॉक्टरांनी त्या प्रश्नापुढं 'नाही' लिहिलं आणि पान उलटलं. देवाजींनी ते उलटताना पाहिलं. आत्ता बोल, असं त्यांच्या आतून कोणी ओरडत होतं, आणि तोंड काही उघडत नव्हतं. शकुबाईच्या, सुनेच्या, पोराच्या देखत म्हणायचं काय, की मी बत्तीस वर्षं खोटं बोललो? अकरा वाजता बसलेली मंडळी बाराच्या सुमारास उठली. बाई म्हणाल्या, आणखी काही तपासण्या लिहून देते, बाहेर थांबा.

बाहेरच्या बाकावर गुंजन पोराला मांडीवर घेऊन बसली. पोराच्या अंगात रडायचंही त्राण नव्हतं. शकुबाईनं घड्याळ पाहिलं. "दोन घंटे झाले," म्हणत तिनं पिशवीतून बाटली काढली, चमचा भरला आणि पीयूषच्या तोंडाशी नेला.

पीयूषनं ओठ मिटले. मान फिरवली, आणि फिरवता फिरवता त्याची नजर आजोबांवर आली.

देवाजी उठले. त्यांनी शकुबाईचं मनगट धरलं, चमचा काढून घेतला, पाणी फरशीवर सांडलं त्याकडेही बघितलं नाही. "आता एक थेंब देजो नको त्याले," ते म्हणाले, आणि चमचा हातात तसाच धरून, दार न वाजवता डॉक्टरांच्या खोलीत शिरले. मागून शकुबाई, "अवो, काय झालं तुमाले," म्हणत धावली.

"डॉक्टरीन बाई," देवाजी म्हणाले, "ते कागदावरचं खोडा. मले शुगर नाही."

"काय हो हे?" शकुबाई म्हणाली.

"कधीच नव्हती. मी झूठ बोललो. मले गोड चालतच नाही, जन्मापासून नाही. खाल्लं की घाम येते, हातपाय कापतेत, उलटी होते. लोक नखरे म्हणत, मारत. म्हणून शुगर सांगून देलं. या पोट्ट्याले बी तसंच होऊन राहिलं हाय. मले दिसत होतं. मी बोललो नाही."

डॉक्टर उत्कर्षांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढं ओढली. फळं? नाही चालत. मध? नाही. दूध, भात, मासे? ते सारं चालते. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट सांगितली. "काका, आ करा."

देवाजींनी आ केला. बाईंनी टॉर्च लावला. अडुसष्ट वर्षांच्या त्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते, आणि एकालाही कीड नव्हती. बाई हसल्या. "साखर कधी लागलीच नाही ना यांना," त्या म्हणाल्या. "माझ्या पुस्तकात लिहिलंय हे. प्रत्यक्ष आज पाहिलं."

प्रवीण आणि गुंजनला आत बोलावून त्यांनी सावकाश समजावलं. फळांत, मधात, गुळात, साखरेत एक गोडी असते, ती काही थोड्या माणसांच्या लिव्हरला जन्मतःच पचवता येत नाही, विषासारखी चढते. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि इथं दोन्ही बाजू एकाच मुलखातल्या निघाल्या आहेत. "आणि रक्तातली शुगर वेगळी, डब्यातली साखर वेगळी. याची रक्तातली शुगर कमी होत होती, ती डब्यातल्या साखरेनंच. इथं सलाइनमध्ये जाते ती निराळी, ती याला चालते. म्हणून इथं बरा व्हायचा आणि घरी बिघडायचा."

शकुबाईच्या हातातली बाटली बाईंनीच काढून घेतली. "याची आणि काकांची, दोघांचीही जीनची तपासणी पाठवते, उत्तराला तीन आठवडे लागतील. तोवर मी छातीठोक सांगणार नाही. पण आजपासून, या क्षणापासून, गोड बंद. सिरपसुद्धा."

शकुबाई भिंतीचा आधार घेत खाली बसली. "मीच पाजलं," ती म्हणाली. "घड्याळ लावून पाजलं."

"तू पाजलं नाही," देवाजी म्हणाले. "मी गप्प राहून पाजलं." तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी पीयूषच्या उलट्या थांबल्या. सहाव्या दिवशी त्यानं नर्सचा चष्मा ओढला. दहाव्या दिवशी डोळ्यांतला पिवळेपणा उतरू लागला, आणि त्याला भाताची पेज चालते, नुसती चालत नाही तर तो वाटी हिसकावतो, असं कळल्यावर गुंजन कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. रक्ताचे आकडे रोज थोडे थोडे सुधारत होते. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता, एकट्या देवाजींचा सोडून.

कारण शकुबाई त्यांच्याशी बोलत नव्हती. दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आली त्या दुपारी तिनं फळीवरचा डबा काढला, पाटावर मांडी घालून बसली आणि बत्तीस वर्षं न शिवलेले बेसनाचे लाडू त्यांच्या डोळ्यांदेखत खाल्ले. एक, दोन, तीन. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. देवाजी उंबऱ्यात उभे होते. चौथ्या लाडवाला तिला ठसका लागला तेव्हा त्यांनी पाणी पुढं केलं. ते तिनं घेतलं, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून कारल्याचा पेला आला नाही, आणि खरं सांगायचं तर बत्तीस वर्षांच्या सवयीनं देवाजींना सकाळी तोंडात चुकल्यासारखं होत होतं. जेवायला वाढलंय हा निरोप गुंजनकडून, झोपायची वेळ झाली हा प्रवीणकडून. देवाजी तक्रार करायच्या लायकीचे राहिले नव्हते आणि ते त्यांना माहीत होतं.

तीन आठवड्यांनी सगळे पुन्हा डॉक्टर उत्कर्षांच्या खोलीत बसले. रिपोर्ट आला होता. तोच आजार, आजोबा आणि नातू दोघांनाही. "पण लिव्हर वाचलंय," बाई म्हणाल्या. "वेळेवर थांबलं. पथ्य पाळलं की हा शाळेत जाईल, क्रिकेट खेळेल, आजोबांएवढा म्हातारा होईल. दातांचा खर्च तर नाहीच." प्रवीणला हसता हसता रडू फुटलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

बाईंनी देवाजींपुढं एक फॉर्म ठेवला. या आजारासह इतकं आयुष्य काढलेला माणूस त्यांच्या अभ्यासात दुसरा नव्हता. दर तीन महिन्यांनी येऊन तपासणी द्यायची, एवढंच. देवाजींनी सही केली, पण उठले नाहीत.

"बाई, माझा भाऊ," ते म्हणाले. "तो बी सातव्या महिन्यातच गेला. उष्टावण झाल्यावर. मायनं त्याले ताकद यावी म्हणून गुळाचं पानी पाजलं होतं. गाव तिले म्हणे, हिच्याच नजरेत दोष हाय. मरेपर्यंत तिनं दुसऱ्याचं लेकरू कडेवर नाही घेतलं."

"रक्त तपासल्याशिवाय खात्रीनं नाही सांगता येत, काका. पण मला विचाराल तर तोच आजार. तुमच्या आईचा काही दोष नव्हता. हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं."

देवाजींनी मान हलवली. त्यांना एवढं हलकं वाटलं की रडू आलं. साठ वर्षं उशीर झाला होता, माय कुठंच नव्हती, तरी कोणीतरी ते मोठ्यानं म्हटलं होतं. खांद्यावर एक हात पडला. तो शकुबाईचा होता.

खाली आल्यावर प्रवीण ऑटो बघायला गेला, गुंजन औषधांच्या खिडकीपाशी उभी राहिली. पीयूष शकुबाईच्या कडेवर होता आणि तिच्या नाकात बोट घालायच्या प्रयत्नात होता.

"माहीत हाय तुमाले?" शकुबाई म्हणाली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच सरळ त्यांच्याशी बोलत होती. "बत्तीस वर्षं मी रोज देवाले एकच मागत होती."

"काय?"

"का यांची शुगर जाऊ दे म्हणून."

शकुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पीयूषला त्यांच्या हातात दिलं.

"घ्या," ती म्हणाली, "गेली एकदाची."